कुणाचे संसार जास्त मोडतात?

लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या गच्चीवर, गाडीच्या डब्यात हा विषय निघाला की चार वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं: “त्यांच्यात काय, तीनदा म्हटलं की संपलं. आपल्यात लग्न म्हणजे सात जन्मांचं.” दुसरं: “मुली शिकल्या, शहरात आल्या, आता त्यांना काही सोसत नाही.” तिसरं: “अमेरिकेत तर निम्मी लग्नं मोडतात.” आणि चौथं: “ही लिव्ह-इनची पद्धत आपल्याकडची नव्हेच.” बोलणारे वाईट हेतूनं बोलत नाहीत. ऐकलेलं, वाचलेलं, नात्यातलं एखादं उदाहरण पाहिलेलं, यावरून मत झालेलं असतं.

या प्रकरणात ही चारही वाक्यं आकड्यांवर घासून पाहायची आहेत. त्यासाठी गणित पाचवीच्या पलीकडचं लागणार नाही. फक्त प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारत राहायचं: हा नेमकं काय मोजतो?

१. “निम्मी लग्नं मोडतात” हे कसं मोजतात?

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथला हिशेब सोपा आहे आणि त्यातली गफलतही पटकन दिसते. 2022 मध्ये अमेरिकेत दर हजार लोकसंख्येमागे साधारण 6.2 लग्नं लागली आणि 2.4 घटस्फोट झाले. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की येतात 39 टक्के. असाच भागाकार 1980 च्या आसपासच्या वर्षांसाठी केला तर उत्तर पन्नासच्या जवळ जातं. “निम्मी लग्नं” हा समज मुख्यतः तिथून पसरला.

आता एक गाव घ्या. 2010 मध्ये तिथं 100 लग्नं लागली आणि 10 घटस्फोट झाले. म्हणजे 10 टक्के. पुढच्या दहा वर्षांत तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली, गावात लग्नं कमी लागू लागली. 2020 मध्ये लग्नं लागली 50 आणि घटस्फोट तेवढेच, 10. प्रमाण झालं 20 टक्के. लोक म्हणतील, घटस्फोट दुपटीनं वाढले. प्रत्यक्षात एकही संसार जास्तीचा मोडलेला नाही. यंदा मोडलेली लग्नं यंदा लागलेली नसतात. ती गेल्या वीस-तीस वर्षांतली असतात, म्हणून त्यांना यंदाच्या लग्नांनी भागून काही कळत नाही.

खरं उत्तर हवं असेल तर एका वर्षी लग्न झालेली हजार जोडपी धरायची आणि वीस-पंचवीस वर्षं त्यांचा माग ठेवायचा. तसा माग ठेवणारे देश थोडे. आपल्याकडे तर घटस्फोटांची देशपातळीवरची नोंदवहीच नाही. जन्म-मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्यानं सक्तीची आहे. लग्नाची नोंद सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये राज्यांना सांगितलं. घटस्फोट मात्र कुटुंब न्यायालयांच्या फायलींमध्ये विखुरलेले राहतात, आणि सगळेच तिथं पोचत नाहीत. मुस्लिमांमधला तलाक किंवा बायकोनं मागितलेला “खुला” कोर्टाबाहेर होऊ शकतो. हिंदूंमध्येही ज्या जातींत रूढीनं सोडचिठ्ठी चालत आली आहे, ती हिंदू विवाह कायद्याच्या 29 व्या कलमानं कायम ठेवली आहे. त्यामुळे “आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात अमुक इतके दावे आले” यावरून कोणत्याही दोन समाजांची तुलना होत नाही.

मग हाती उरते जनगणना.

२. स्टँडवर थांबलेले प्रवासी

जनगणनेत दारावर आलेला माणूस विचारतो: लग्न झालंय का? उत्तरासाठी 2011 मध्ये पाच खाने होते. अविवाहित, सध्या विवाहित, विधवा-विधुर, विभक्त आणि घटस्फोटित. यात एक मोठी मेख आहे. ज्यांचा घटस्फोट झाला आणि ज्यांनी पुन्हा लग्न केलं, ते सगळे “सध्या विवाहित” या खान्यात जातात. त्यांचा पहिला संसार मोडल्याची खूणही उरत नाही.

सकाळी दहा वाजता एसटी स्टँडवर किती माणसं उभी आहेत हे मोजलं, तर दिवसभरात किती माणसांनी प्रवास केला हे कळेल का? ज्या गावाला दर दहा मिनिटांनी गाडी आहे तिथला फलाट जवळजवळ रिकामाच दिसेल. ज्या गावाला दिवसातून दोनच गाड्या आहेत तिथं, प्रवासी मुळात कमी असले तरी, फलाटावर गर्दी दिसेल. जनगणनेतले घटस्फोटित म्हणजे त्या घटकेला फलाटावर असलेली माणसं. पुनर्विवाह ही त्यांची गाडी.

हिशेब करून पाहू. एका समाजातल्या हजार विवाहित बायकांपैकी 60 जणींचा घटस्फोट झाला, पण त्यातल्या 50 जणींनी पुन्हा लग्न केलं. जनगणनेत दिसतील 10. दुसऱ्या समाजात हजारात 20 जणींचाच घटस्फोट झाला, पण पुन्हा लग्न झालं फक्त दोघींचं. दिसतील 18. आकडे वाचणारा म्हणेल, दुसऱ्या समाजात संसार जवळपास दुपटीनं मोडतात. खरं तर पहिल्या समाजात ते तिपटीनं मोडलेले आहेत.

हे नुसतं कागदावरचं उदाहरण नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 13 लाख 60 हजार घटस्फोटित माणसं सापडली. त्यात बायका 9 लाखांच्या वर आणि पुरुष साडेचार लाख. एका घटस्फोटातून एक घटस्फोटित नवरा आणि एक घटस्फोटित बायको निघते, म्हणजे दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. साडेचार लाख पुरुष गेले कुठे? त्यातले बहुतेक पुन्हा बोहल्यावर चढले असणार. त्यांच्यासाठी गाडी लवकर लागली. मागं राहिलेल्या बायकांच्या वाट्याला “घटस्फोटित” हा शिक्का आला आणि तो वर्षानुवर्षं राहिला. सगळ्या धर्मांच्या बेरजेतून निघालेली ही तफावत आहे. ज्या समाजाला आपल्या संसारांच्या टिकाऊपणाचा अभिमान आहे त्यानं आधी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

३. घटस्फोटित आणि टाकलेल्या

आता पहिल्या वाक्याकडे येऊ.

2011 मध्ये देशातल्या घटस्फोटित बायकांपैकी दर शंभरात सुमारे 68 हिंदू होत्या आणि 23 मुस्लिम. लोकसंख्येत हिंदूंचा वाटा 79.8 टक्के आणि मुस्लिमांचा 14.2 टक्के. म्हणजे नुसते घटस्फोट पाहिले तर मुस्लिम बायकांचं प्रमाण त्यांच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त आहे. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

पण लगतच एक खाना आहे, “विभक्त”. लग्न कायद्यानं शाबूत आहे, नवरा-बायको मात्र एकत्र राहत नाहीत. यात आपणहून वेगळ्या झालेल्या जोडप्यांबरोबरच ज्यांना खेड्यापाड्यांत “टाकलेली” म्हणतात त्या बायकाही येतात. दिवाळीला म्हणून माहेरी पाठवलं आणि न्यायला कुणी आलंच नाही. किंवा नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच दुसरं घर केलं. या खान्यात 2011 मध्ये सुमारे 35 लाख माणसं होती, घटस्फोटितांच्या अडीचपटीपेक्षा जास्त. त्यात बायका 23 लाखांहून अधिक. आणि धर्मानुसार पाहिलं तर हिंदू 19 ते 20 लाख, मुस्लिम 2 लाख 80 हजारांच्या आसपास, ख्रिस्ती सुमारे 90 हजार.

म्हणजे विभक्त बायकांत मुस्लिमांचा वाटा झाला बाराएक टक्के, त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कमी. हिंदूंचा झाला ऐंशीच्या वर.

दोन्ही खान्यांची बेरीज करा. हिंदू बायका: घटस्फोटित सव्वासहा लाखांच्या आत-बाहेर, विभक्त 19 लाखांच्या वर, मिळून साधारण 25 लाख. मुस्लिम बायका: घटस्फोटित दोन लाखांच्या वर, विभक्त पावणेतीन लाख, मिळून पाच लाखांच्या आत. सगळ्या धर्मांच्या मिळून अशा बायका साधारण 33 लाख. त्यात हिंदू 77 टक्क्यांच्या आसपास, मुस्लिम 15 टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येतला वाटा आठवा: 80 आणि 14. फरक जवळजवळ पुसला गेला.

संसार मोडून एकट्या उरलेल्या बायकांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसतं. मोडल्यावर त्याला काय नाव मिळतं, ते वेगळं आहे. मुस्लिम कायद्यात लग्न हा करार आहे, तो संपवण्याची रीत ठरलेली आहे. हिंदूंमध्ये, विशेषतः वरच्या समजल्या गेलेल्या जातींत, लग्न हा संस्कार मानला गेला. संस्कार मोडण्याची रीतच नव्हती, म्हणून बाईला घटस्फोट न देता सोडून दिलं जाई, आणि आजही दिलं जातं.

याचा अर्थ तलाकच्या रिवाजात काही गैर नव्हतं असा मुळीच नाही. 18 एप्रिल 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाई मुंबईत सात मुस्लिम बायकांना घेऊन विधानभवनावर गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. सातच बायका, पण त्या काळात त्यांनी रस्त्यावर येणं ही विलक्षण हिमतीची गोष्ट होती. त्यांचं दुखणं एकतर्फीपणाचं होतं. नवऱ्याच्या तोंडून शब्द सुटला की बाई घराबाहेर, तिला विचारायचं कुणी नाही. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवायला 22 ऑगस्ट 2017 उजाडला, आणि 2019 च्या कायद्यानं तो गुन्हा झाला. पण टाकून दिलेल्या हिंदू बाईचा नवरा तर तेवढा एक शब्दही उच्चारत नाही. तिच्यासाठी कुठलाही दिवस उजाडलेला नाही.

४. काडीमोड आणि पाट

“आपल्यात घटस्फोट नव्हताच” हेही नीट तपासायला हवं. आपल्यात म्हणजे कुणात?

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत लग्न मोडण्याची आणि पुन्हा संसार मांडण्याची चाल जुनी आहे. जातीच्या पंचांसमोर काडी मोडायची, झालेला खर्च किंवा दागिने परत करायचे, फारकत घ्यायची. मग बाई पाट लावू शकत असे. काही भागांत त्याला म्होतूर म्हणत. पहिल्या लग्नासारखा थाट नसे, बहुतेकदा रात्री, मोजक्या माणसांत विधी उरकला जाई. पण तो संसार समाजमान्य असे, मुलं औरस मानली जात. कुणबी, माळी, धनगर, महार अशा कितीतरी जातींत हे चाले. मराठेशाहीत पाटावर “पाटदाम” नावाचा कर वसूल होई. सरकार ज्याच्यावर कर घेतं ती गोष्ट चोरून-लपून होत नसणार.

ज्यांच्यात हे चालत नसे ते ब्राह्मण आणि त्यांच्या रीतीनं चालू पाहणारी घराणी. पुढं ज्या जातीला आपला मान वाढवायचा असे ती आधी पाट बंद करी. विधवेनं आणि सोडलेल्या बाईनं घरात बसून राहणं हे कुळाच्या मोठेपणाचं लक्षण झालं.

इंग्रजी कोर्टांनीही याला हातभार लावला. 1876 मध्ये मुंबई हायकोर्टानं एका खटल्यात सांगितलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांपुढे काडीमोड घेऊन पाट लावलेली बाई त्यामुळे एकदम गुन्हेगार ठरू शकत होती.

रखमाबाईंचा खटला याच काळातला. त्यांची जात सुतार. तिच्यात विधवेचा पुनर्विवाह चाले. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई यांनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलेलं होतं. लहानपणी लग्न लावून दिलेल्या दादाजी भिकाजींकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला आणि दादाजी 1884 मध्ये कोर्टात गेले. मागणी होती बायकोनं नांदायला यावं अशा हुकुमाची. हा दावा हिंदू शास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथं आलेला. पहिल्या न्यायाधीशानं तो फेटाळला. अपिलानंतर 1887 मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तो “नांदायला या”चा दावा आजही हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आहे.

घटस्फोटाचा हक्क कायद्यात यायला पुढं बरीच वर्षं गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये काडीमोडाचा कायदा केला. बडोदा संस्थानात सयाजीरावांच्या कारकिर्दीत 1931 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतानं 1947 मध्ये आपला कायदा केला आणि सबंध देशासाठी 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याची सोय त्यातही नव्हती, ती 1976 च्या दुरुस्तीनं आली. तोवर सुटका हवी असेल तर जोडीदारावर व्यभिचार, वेड, महारोग असं काहीतरी सिद्ध करावं लागे. जिथं वेगळं होण्यासाठी एकमेकांची अब्रू चव्हाट्यावर आणावी लागत होती, तिथले कमी घटस्फोट सुखी संसारांची साक्ष कशी देतील?

जुन्या रीतीचा धागा अजून तुटलेला नाही. महाराष्ट्रातल्या बौद्धांमध्ये नोंदलेल्या घटस्फोटांचं प्रमाण हिंदूंपेक्षा जास्त दिसतं आणि त्यावरून टोमणे मारले जातात. या समाजाच्या आधीच्या पिढ्यांत काडीमोड आणि पाट कधी लाजेचे विषय नव्हते, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर तिथं मुलींच्या शिक्षणालाही मोठा जोर आला. वाईट संसारातून उघडपणे बाहेर पडता येणं ही त्या परंपरेची जमेची बाजू आहे, असंच मी म्हणेन.

५. धर्म एक, चाल वेगळी

अर्थशास्त्रज्ञ सुरज जेकब आणि मानववंशशास्त्रज्ञ श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांनी 2016 मध्ये 2011 च्याच जनगणनेच्या आधारे राज्याराज्यांचा अभ्यास मांडला. घटस्फोटितांचं सर्वांत जास्त प्रमाण मिझोरममध्ये निघालं, 4.08 टक्के. त्या खालोखाल नागालँड, 0.88 टक्के. दोन्ही राज्यांत ख्रिस्ती लोक 87-88 टक्के, दोन्हीकडे बहुसंख्य आदिवासी. धर्म तोच, पण फरक चौपटीहून जास्त. मिझो रूढीत नवऱ्यानं बायकोला सोडण्याला “माक” आणि बायकोनं वधूमूल्य परत करून नवऱ्याला सोडण्याला “सुमछुआह” म्हणतात. दोन्ही पूर्वापार चालत आलेलं. ख्रिस्ती झाल्यावर मिझो लोकांनी देव बदलला, पण संसार मोडण्याची रीत बरीचशी जुनीच ठेवली.

याच अभ्यासात शहर आणि खेडं यांतला फरक अगदी किरकोळ निघाला. शिकलेल्या शहरी मुलींविषयीचं दुसरं वाक्य इथंच लंगडं पडतं. उत्तरेतल्या उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, राजस्थान या राज्यांत प्रमाण सर्वांत कमी आहे. तिथं मुलगी लांबच्या अनोळखी गावात दिली जाते, माहेर दूर, स्वतःची कमाई नाही, परत आलेल्या लेकीला घरात जागा नाही. बाहेर पडून ती जाणार कुठं?

आणि गोवा. पोर्तुगालमध्ये 1910 मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला. तो गोव्यातही लागू झाला. म्हणजे 1955 ची वाट पाहणाऱ्या बाकीच्या देशातल्या बहुतेक हिंदूंच्या कितीतरी आधी गोव्यातल्या जोडप्यांना कोर्टातून घटस्फोट मिळू शकत होता. पुढं पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला, आणि 1946 च्या हुकुमानं चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकांची ही वाट बंद झाली. त्यांना लग्न मुळातच रद्दबातल होतं असं चर्चच्या न्यायासनाकडून ठरवून घेणं एवढंच उरलं. एकाच गावात, एकाच चर्चची घंटा ऐकत मोठी झालेली दोन जोडपी. एकानं फक्त सरकारी नोंदणीनं लग्न केलं, दुसऱ्यानं चर्चमध्ये. दोघांच्या भांडणांत काही फरक नसेल, आकड्यात मात्र पहिलंच जोडपं दिसेल. उरलेल्या भारतात ख्रिस्ती बाईची गत वेगळीच होती. 1869 च्या कायद्यानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला छळ किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही विषमता 2001 मध्ये दूर झाली.

अमेरिकेतला एक अभ्यास इथं सांगण्याजोगा आहे. जेनिफर ग्लास आणि फिलिप लेव्हचॅक यांनी 2014 मध्ये दाखवलं की जिथं कर्मठ प्रोटेस्टंट पंथांचा जोर आहे, त्या भागांत घटस्फोट जास्त आहेत. घटस्फोटाला पाप मानणाऱ्या लोकांत हे कसं? लग्नाआधीच्या संबंधांना सक्त मनाई, म्हणून मुलं-मुली लवकर लग्न करतात. लवकर लग्न म्हणून शिक्षण सुटतं, नोकरी बेताची मिळते, पैशांची ओढाताण होते आणि संसार मोडतो. अशा भागात राहणाऱ्या, धर्माशी फारसं देणंघेणं नसलेल्या लोकांचेही संसार जास्त मोडतात, कारण लवकर लग्नाचं वारं सगळ्यांनाच लागतं.

६. लग्नाविना संसार

लिव्ह-इन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो पुण्यातला किंवा मुंबईतला वन बीएचके आणि आयटीतली दोन पोरं. घरमालक “लग्नाचा दाखला दाखवा” म्हणतो, ती “फियॉन्से आहोत” म्हणून वेळ मारून नेतात. हे आहेच.

पण झारखंडमध्ये जा. उरांव, मुंडा, हो या आदिवासींमध्ये लग्न म्हणजे सबंध गावाला जेवण. तेवढा पैसा नाही म्हणून मुलगी तशीच नवऱ्याच्या घरात राहायला येते. अशा बाईला तिथं “ढुकू” म्हणतात. वीस-वीस वर्षं संसार होतो, मुलं होतात, पण गावाच्या लेखी लग्न झालेलं नसतं. काही ठिकाणी तिला समाजाच्या दफनभूमीत जागा मिळत नाही, मुलांना जमिनीत वाटा मिळत नाही. आपल्याकडे पालघर, ठाण्याच्या आदिवासी पाड्यांतही गरिबीमुळे लग्न लांबणीवर टाकून संसार करणारी जोडपी आहेत. सामुदायिक विवाह सोहळ्यांत आई-बापांच्या डोक्यावर अक्षता पडताना त्यांची पोरं मांडवात खेळत असतात.

मग भारतात लिव्ह-इन किती? जनगणनेत त्याचा खानाच नाही. दोघं स्थिरपणे एकत्र राहतात आणि स्वतःला विवाहित सांगतात, तर मोजणारा त्यांना “सध्या विवाहित” लिहितो, आणि तशा सूचनाच आहेत. ढुकू बाईही त्यात आली, पुण्यातली जोडी तसं म्हणाली तर तीही. “आपल्याकडची पद्धत नव्हे” या वाक्याला पाठिंबा देणारा किंवा खोडून काढणारा आकडा कुठून आणणार? शहरात जे नवं वाटतं ते आदिवासी पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, एवढं मात्र डोळ्यांनी दिसतं.

लग्नाआधी एकत्र राहिलं तर पुढचं लग्न मोडतं, असंही पूर्वी मानलं जाई आणि जुन्या अमेरिकी आकड्यांत तसं दिसेही. 2014 मध्ये एरिएल कुपरबर्ग यांनी वेगळा हिशेब मांडला. लग्नाचं वय मोजण्याऐवजी एकत्र राहायला लागल्याचं वय धरलं, आणि एकत्र राहण्याचा दोष जवळजवळ नाहीसा झाला. अठराव्या वर्षी संसार मांडणाऱ्यांपैकी साधारण 60 टक्के वेगळे झाले होते, तेविसाव्या वर्षापर्यंत थांबलेल्यांपैकी 30 टक्के. लग्न लावून मांडला की न लावता, याला महत्त्व नव्हतं. आपल्याकडे मुलीचं लग्न अठरा पूर्ण होताच उरकणाऱ्या आई-बापांनी हा आकडा जरूर वाचावा.

आपल्या कायद्यानं या नात्याला अर्धवट ओळख दिली आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. पण 2013 मध्ये इंद्रा सरमा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पुरुष आधीच विवाहित आहे हे ठाऊक असताना त्याच्यासोबत राहिलेलं नातं यात बसत नाही. उत्तराखंडनं जानेवारी 2025 पासून लिव्ह-इनची नोंदणीच सक्तीची केली. महिन्याच्या आत नोंद नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अनुसूचित जमातींना तो कायदा लागू नाही. म्हणजे ज्यांच्यात लग्नाविना संसाराची चाल सर्वांत जुनी, त्यांची मोजदाद तिथंही होणार नाही.

७. कागद कुणाकडे?

महाराष्ट्रात टाकलेल्या बायकांचा प्रश्न चळवळीनं हाती घेतला तो 1980 च्या दशकात. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी बायका गावोगाव हिंडल्या. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. मागण्या अगदी साध्या: स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, पोटगी वेळेवर. रेशनकार्ड ही त्यातली कळीची. कार्डावर नाव नवऱ्याच्या घरी असायचं, बाई माहेरी. भावाच्या कार्डावर नाव चढवायचं तर आधी सासरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला हवा, आणि तो आणायचा त्याच घरून.

गावाकडे यावर पुष्कळदा स्टॅम्प पेपरचा उतारा काढला जातो. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, फारकतीचा मजकूर लिहितात, नोटरीचा शिक्का घेतात. जातीत तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं नाही, तर त्या कागदानं लग्न मोडत नाही. नवरा मोकळा समजून दुसरं लग्न करतो. बाई जनगणनेत “घटस्फोटित” सांगते, पोटगीच्या दाव्यात वकील तिला अजून “पत्नी” म्हणतो, आणि दोन्ही बरोबर असतं.

2024 मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्यासोबत “परित्यक्ता” हा शब्द पात्रतेच्या यादीत होता. चळवळीनं रुजवलेला शब्द दरमहा पंधराशे रुपयांच्या अर्जापर्यंत पोचला. पुढच्या वर्षी ई-केवायसी आली आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे ते हयात नाहीत किंवा घटस्फोट झालेला आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा हुकूम अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं ठरलं. जिचे वडील वारले आहेत ती वडिलांचा दाखला देईल. जिचा नवरा बारा वर्षांपूर्वी काही न सांगता निघून गेला, तो जिवंत आहे, त्याचा नंबर लागत नाही आणि कोर्टाची पायरी ती कधी चढलेलीच नाही, तिच्याकडे नवऱ्याच्या बाबतीत दाखवायला यातला एकही कागद नसतो.